किकुयू मिशनरी पोर्ट्रेट आणि खानदेशातल्या काचा: चेहरे इतके काळे का येतात?

गिरणाकाठ:

राम राम मंडळी. धुळ्यात एक छोटं प्रदर्शन ठरतंय. एका भिंतीवर केनियातल्या किकुयू लोकांची मिशनऱ्यांनी काढलेली पोर्ट्रेट (अंदाजे १९०२ ते १९३०), समोरच्या भिंतीवर त्याच काळातली आपल्याकडच्या भिल्ल-मावची-पावरा लोकांची. किकुयू चित्रं प्रिंट स्वरूपात मिळाली आहेत. आपल्याकडची मात्र मूळ काचेवरची आहेत, एका जुन्या लाकडी पेटीत, साधारण साठ नग. कुणी काढली, कधी काढली, काही लिहिलेलं नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. दोन्हीकडच्या चित्रांत माणसांचे चेहरे कोळशासारखे काळे आहेत, डोळ्यांखेरीज काही दिसत नाही. शेजारचा पाद्री मात्र स्वच्छ दिसतो. हे मुद्दाम केलंय का? की प्रिंट खराब आहे?

२. किकुयू संचात "आधी" आणि "नंतर" अशा जोड्या आहेत. आधी कातडं आणि मणी, नंतर पांढरं कापड आणि हातात पुस्तक. या जोड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

३. पेटीतल्या काचांना हात कसा लावायचा, आणि घरच्या साधनांत त्यांची डिजिटल प्रत कशी करायची? मे महिना तोंडावर आहे, इथला उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे.

काचपट्टी:

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर रसायनात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

त्या काळच्या जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा (तुमच्या पेटीतल्या काचा त्यातल्याच), ज्यांना 'ऑर्डिनरी' म्हणत, त्यांना फक्त निळा आणि जांभळा प्रकाश कळायचा. लाल, तांबूस, पिवळा यांचं त्यांच्यावर जवळजवळ काहीच उमटत नसे. म्हणजे प्रिंटमध्ये निळं ते पांढरं, लाल ते काळं. तपकिरी त्वचेवरून परतणाऱ्या उजेडात निळा भाग मुळातच कमी, त्यामुळे चेहरा डोळ्याला दिसतो त्यापेक्षा कितीतरी गडद उतरतो. किकुयू तरुण लाल माती एरंडेलात किंवा चरबीत कालवून अंगाला आणि पिळलेल्या केसांना लावत. तो लाल रंग या प्लेटेवर थेट काळा होतो, आणि तेलामुळे त्यावर पांढरे चमकदार ठिपके पडतात. प्रत्यक्षात उन्हात तांबडा झळाळणारा माणूस चित्रात डांबर फासल्यासारखा दिसतो, तो असा.

त्यात पाद्री शेजारी उभा, अंगात पांढरे कपडे. पांढरं कापड आणि तेल लावलेली सावळी त्वचा यांच्यात निळ्या उजेडापुरता तीन-चार स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) फरक सहज पडतो. एक्सपोजर पांढऱ्या कपड्यांना धरून दिलं की चेहरे निगेटिव्हवर पातळ राहतात. पुढे तेच चित्र मिशनच्या मासिकात जाळीच्या ठशावर (बारीक ठिपक्यांचा छपाईचा साचा) छापलं की सावलीतला उरलासुरला तपशील शाईत बुडतो. म्हणून मासिकावरून केलेल्या प्रिंटवर चेहऱ्याचा निवाडा करू नका. मूळ काचेवर तो तपशील पुष्कळदा शाबूत असतो.

मुद्दाम केलं का? प्लेट निवडताना कुणी तसा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण एक्सपोजर कुणाला धरून द्यायचं हे माणूस ठरवतो, आणि तो निर्णय चित्रात कायमचा दिसतो. प्रदर्शनात हे सांगाच.

प्लेटा पुढे सुधारल्या. ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना हिरवा आणि काहीसा पिवळा कळू लागला, त्या १८८० च्या दशकापासून बाजारात होत्या. लाल रंगही पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून इंग्लंडमध्ये विकत मिळत, पण त्या पूर्ण अंधारात धुवाव्या लागत आणि महागही होत्या. दूरच्या मिशन ठाण्यावर लाल कंदिलाच्या उजेडात काम उरकणारा माणूस ऑर्डिनरी किंवा ऑर्थोच वापरणार.

याचा दुसरा परिणाम आपल्या भिंतीसाठी जास्त महत्त्वाचा आहे. गोंदण हिरवट-निळसर असतं. निळा रंग या प्लेटेवर उजळ येतो आणि सावळी त्वचा गडद येते. त्यामुळे डोळ्याला त्वचेपेक्षा काळपट दिसणारं गोंदण चित्रात आजूबाजूच्या त्वचेच्याच छटेचं होतं आणि विरून जातं. बाईच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण दिसत नाही म्हणून "गोंदण नव्हतं" असं कृपया लिहू नका. मण्यांचंही तेच. निळे आणि पांढरे मणी दोन्ही पांढरे दिसतात, लाल मणी काळे. चित्रावरून मण्यांचे रंग सांगता येत नाहीत. म्हणूनच संगणकाकडून रंग भरून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो लाल मातीचा माणूस काळाच रंगवेल आणि लोक ते खरं मानतील.

भुसावळ जंक्शन:

काचपट्टी भाऊंचं बरोबर शे. त्यात एक भर घालतो, चेहऱ्यावरच्या भावाबद्दल. "बघा, कसे घाबरलेत" असं प्रदर्शनात हमखास ऐकू येतं.

त्या काळच्या मध्यम वेगाच्या प्लेटा आजच्या मापात आयएसओ (उजेड टिपण्याचा वेग) ३ ते ६ च्या आसपास धरा, म्हणजे फारच मंद. भर उन्हात एफ ८ ला (लेन्सचं तोंड मध्यम उघडं) सेकंदाचा सोळावा-बारावा भाग पुरतो, पण उन्हात माणूस डोळे बारीक करतो आणि कपाळाच्या सावलीत डोळे बुडतात. म्हणून ओसरीत किंवा भिंतीच्या सावलीत बसवायचं. तिथे तीन स्टॉप उजेड कमी, म्हणजे अर्धा ते एक सेकंद. एवढा वेळ हसू टिकत नाही, ओठ हलतो. म्हणून तोंड मिटलेलं, हात गुडघ्यावर टेकलेले, पाठ भिंतीला. लहान मुलांचे हात धुरकट दिसतात तेही यामुळेच. त्याच काळातले आपल्या शहरांतल्या वकील-डॉक्टरांचे फोटो काढून पाहा, तेही असेच ताठ बसलेले आहेत.

किकुयू मुलूख म्हणजे कियाम्बू, मुरांगा, न्येरी. दीड ते सव्वादोन हजार मीटर उंचीवरचा थंड डोंगराळ भाग. तिथे पाणी गार, प्लेट धुताना जिलेटिन शाबूत राहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी तीस अंशांच्या वर जातं. तेवढ्या उष्ण पाण्यात जिलेटिन मऊ पडून फुगतं, कडेने झालरीसारखं सुटतं, किंवा आक्रसून त्यावर सुरकुत्यांचं बारीक जाळं पडतं. यावर उपाय म्हणजे पाणी माठात गार करायचं, रात्री उशिरा किंवा पहाटे धुवायचं आणि प्लेट तुरटीच्या पाण्यातून काढायची. तुमच्या पेटीत चेहऱ्यावर जाळीसारख्या रेषा दिसल्या तर त्वचारोग समजू नका. भिंगातून पाहा: तीच जाळी मागच्या भिंतीवर आणि आकाशावरही असेल तर दोष धुलाईचा आहे.

सातपुडा वाचक:

आधी-नंतरच्या जोड्यांबद्दल लिहितो. संदर्भ लक्षात घ्या. तुरीनच्या कोन्सोलाता संस्थेचे पहिले मिशनरी १९०२ साली किकुयू मुलखात तुथू इथे, करुरी या प्रमुखाच्या आश्रयाने, उतरले. त्यांच्यापैकी फिलिप्पो पेर्लो हे स्वतः भरपूर फोटो काढत. स्कॉटिश मिशन थोगोतोला होतं, तिथे डॉक्टर जॉन आर्थर १९०७ ला आले. दोन्हीकडे चित्रांचं मुख्य गिऱ्हाईक मायदेशी होतं: मासिकाचा वाचक, पोस्टकार्ड घेणारा, चर्चच्या सभागृहात कंदिलाचे खेळ (काचेवरची चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर) बघायला येणारा देणगीदार. कल्याणच्या पटवर्धनांची शांभरिक खरोलिका १८९२ ची, यंत्र तेच. फक्त तिकडे पडद्यावर पुराणातल्या कथेऐवजी "काल असा होता, आज असा झाला" हे दाखवलं जाई.

त्यामुळे जोडी दिसली की आधी ती एकाच माणसाची आहे का ते तपासा. कान पाहा. किकुयूंमध्ये कानाची पाळी ताणून मोठी करत. दागिना काढला तरी लांबलेली पाळी लोंबते. "नंतर"च्या चित्रात पाळी अखंड, आखूड असेल तर बहुतेक माणूस वेगळा. पाळी सोडून कानाची वरची घडीही जुळवा, ती माणसागणिक वेगळी असते. मग दोन डोळ्यांमधलं अंतर आणि नाकाची लांबी यांचं गुणोत्तर दोन्ही चित्रांत मोजा. मान वळलेली नसेल तरच याला अर्थ आहे.

माणूस तोच निघाला तर पुढचा प्रश्न: मधे काळ किती गेला? मागच्या भिंतीवरचे डाग, कुडाच्या काठ्या, बाकाची चीर जुळवा. सावलीचा कोनही तोच असेल तर दोन्ही प्लेटा एकाच सकाळी, फक्त कपडे बदलून काढलेल्या. हे बऱ्यापैकी घडत असे. "नंतर"चं पांढरं कापड म्हणजे बहुतेक अमेरिकानी, आपला मांजरपाटच. त्यावर कोऱ्या घडीच्या चौकोनी रेषा दिसल्या तर कापड नुकतंच गठ्ठ्यातून काढलंय.

काळ ठरवायला एक पक्की खूण आहे. पुरुषाच्या गळ्यात दोरीला लोंबणारी लहान धातूची डबी दिसली तर चित्र १९१९-२० नंतरचं. तो किपांदे, सक्तीचा नोंदणी कागद ठेवायची डबी. कायदा १९१५ चा, अंमल महायुद्धानंतर. भिंगाने गळ्याजवळचा भाग नीट पाहा, मण्यांच्या माळांत ती सहज हरवते.

आणि १९२९ विसरू नका. मुलींच्या सुंतेच्या प्रश्नावरून स्कॉटिश मिशनने सभासदांकडून लेखी नकार मागितला, पुष्कळ किकुयू बाहेर पडले, त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्या आधीचे आणि नंतरचे शाळेचे गटफोटो एकाच पंगतीत बसवू नका.

माझं एक सुचवणं आहे. त्या भिंतीच्या शेवटी जोमो केन्याटांचं (पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष) १९३८ चं चित्र लावता आलं तर पाहा. थोगोतोच्या मिशनशाळेत शिकलेल्या या माणसाने लंडनमध्ये किकुयूंवर पुस्तक लिहिलं आणि त्यात आपला फोटो छापला तो कोट-टायमधला नव्हे, तर कातड्याची शाल पांघरून, भाल्याच्या टोकाला बोट लावून. आधी-नंतरची जोडी त्याने उलटी फिरवली, आणि तीही स्वतःच्या हाताने.

काचपट्टी:

सातपुडा भाऊ, जोड्यांबद्दल एका बाबतीत सावध करतो. सावली आणि भिंत तीच म्हणून लगेच "फसवणूक" लिहू नये. एकाच ठाण्यावर फोटो काढायची जागा ठरलेली असे, वेळही ठरलेली असे, कारण उजेड तेव्हाच बरा. वर्षभराच्या अंतरानेही सावली जवळपास तीच पडू शकते. डाग आणि चिरा जशाच्या तशा असतील, शेजारच्या झाडाची फांदी आणि जमिनीवरचा कचराही जुळत असेल, तरच एक दिवस म्हणा.

तापीतीर:

आता तिसरा प्रश्न. ताई, काचा उघडण्याआधी हे वाचा.

हाताळणी: एका वेळी एकच काच, दोन्ही हातांनी कडा धरून. नायट्राइलचे हातमोजे, सुती नकोत, सुतीतून काच निसटते. टेबलावर स्वच्छ फेल्ट किंवा जाड सोखता. काचेची चकचकीत बाजू आणि लेपाची (चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराची) मंद बाजू तिरप्या उजेडात ओळखा. लेपाला काहीही लावायचं नाही: ब्रश नाही, फुंकर नाही, ओलं फडकं तर मुळीच नाही. चकचकीत बाजू मऊ ब्रशने झाडा, अगदीच कळकट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस, कडेपासून एक सेंटिमीटर आत थांबून. कडेला निळसर धातूसारखी झाक दिसेल. ती वर आलेली चांदी आहे, पुसू नका. दोन काचा चिकटल्या असतील तर ओढू नका, भिजवूही नका. तशाच गुंडाळून बाजूला ठेवा, ते काम संवर्धकाचं. फुटलेल्या काचेला गोंद किंवा सेलोटेप नको, त्याच मापाच्या दोन कोऱ्या काचांमध्ये सँडविच करून ठेवा.

मोजमाप: स्टीलच्या पट्टीने मिलिमीटरमध्ये. इथेच अर्धी ओळख पटते.
इंग्लिश प्लेटा: ८३×१०८ क्वार्टर, १२१×१६५ हाफ, १६५×२१६ होल.
युरोप खंडातल्या: ९०×१२०, १३०×१८०.
अमेरिकन ५ बाय ७ इंच: १२७×१७८. ही १३०×१८० शी घोटाळा करते, म्हणून अंदाजाने लिहू नका. प्लेट ठरलेल्या मापापेक्षा एखादा मिलिमीटर कमीच कापलेली असते, हेही धरा.
कंदिलाच्या स्लाइड: इंग्लिश ८२×८२, अमेरिकन ८३×१०२, खंडातल्या ८५×१००.

किकुयू संचातही हेच लागू. कोन्सोलाताचे लोक इटलीहून आलेले, त्यांच्याकडे सेंटिमीटरची मापं अपेक्षित. स्कॉटिशांकडे इंचाची. खानदेशात स्वीडिश आणि अमेरिकन दोन्ही मिशनरी भिल्ल भागात होते, त्यामुळे तुमच्या पेटीत माप बोलकं ठरेल. डब्यावरच्या लेबलावर मात्र विसंबू नका, रिकामे डबे वर्षानुवर्षं दुसऱ्या प्लेटांना वापरले जात. कडेला "वेस्ट खानदेश" असं लिहिलेलं सापडलं तर ते लिखाण १९०६ नंतरचं, कारण जिल्हा तेव्हा विभागला गेला.

साठवण: आपल्याकडे खरा धोका निव्वळ उष्णतेचा नाही, चढउताराचा आहे. मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की जिलेटिन आक्रसून कडेने सुटू लागतं. जुलैत तेच ओलावा पिऊन फुगतं, बुरशी धरते. तीस ते चाळीस टक्के आर्द्रता टिकली तर उत्तम. घरात ते जमणं कठीण, पण तळमजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली खोली आणि लोखंडी कपाट एवढ्यानेही चढउतार बराच मंदावतो. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार नको. डांबराच्या गोळ्या नकोत, रबरबँड नको (त्यातलं गंधक चांदीला काळं करतं), वर्तमानपत्र नको, प्लायवूडची पेटी नको. जुनी लाकडी पेटी जपून ठेवा, पण काचा तिच्यात परत घालू नका. प्रत्येक काच आम्लरहित कागदाच्या चार पाकळ्यांच्या पाकिटात, लांब कडेवर उभी. आडवी थप्पी रचू नका. १३०×१८० ची दीड मिलिमीटर जाड काच साधारण ९० ग्रॅमची, साठ काचांचे सव्वापाच किलो सगळ्यात खालच्या काचेवर येतात. एका खोक्यात वीसच ठेवा आणि खोक्यावर "काच" लिहा.

डिजिटल प्रत: फ्लॅटबेड स्कॅनरवर काच ठेवली-उचलली की लेपावर चरे पडतात. कॅमेरा बरा. चांगल्या रंगप्रतीचं (सीआरआय ९५ च्या पुढचं) एलईडी पॅनल, त्यावर चार ठोकळ्यांवर ३ ते ५ सेंटिमीटर उंच काच, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. काचेभोवती काळ्या कागदाची चौकट कापून ठेवा, नाहीतर कडेचा उजेड लेन्समध्ये शिरून आधीच पातळ असलेले चेहरे आणखी धुरकट होतात. ९० ते १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एफ ८, आयएसओ १००, रॉ फाइल, कॅमेरा स्टँडवर, टायमर दोन सेकंद. लेपाची बाजू लेन्सकडे. मग चित्र उलटं येईल, सॉफ्टवेअरमध्ये डावं-उजवं फिरवा. कुडत्याची बटणपट्टी किंवा फळ्यावरची अक्षरं पाहून खात्री करा. चोवीस मेगापिक्सेलवर १३०×१८० ची काच चौकट सोडून इंचाला सातशेच्या आसपास पिक्सेल देते, ९०×१२० ची हजाराच्या आसपास. भिंतीवरच्या प्रिंटला भरपूर झालं.

प्रत्येक काचेच्या दोन प्रती काढा. एक खालच्या उजेडात. दुसरी पॅनल बंद करून, बाजूने साधारण वीस अंशांच्या तिरप्या उजेडात. दुसऱ्या प्रतीत पेन्सिलचं रिटचिंग दिसतं: गालावर, कपाळावर बारीक आडव्यातिडव्या रेघा. निगेटिव्हवर शिसं लावलं की प्रिंटमध्ये तो भाग उजळतो. कुणाच्या चेहऱ्यावर रिटचिंग केलंय आणि कुणाच्या नाही, याची यादीच करा.

आणि रंगीत फाइलच ठेवा, लगेच कृष्णधवल करू नका. पायरो डेव्हलपरने (त्या काळचं एक धुलाईचं रसायन) धुतलेल्या काचेवर पिवळसर डाग असतो, तो निळा उजेड अडवतो. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये रंगीत फाइलचा निळा भाग (चॅनेल) वेगळा काढला की त्याच चेहऱ्यात जास्त कॉन्ट्रास्ट मिळतो. ताई, तुमचे "कोळशासारखे" चेहरे बहुधा इथेच उघडतील.

गिरणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. वरवरच्या दहा काचा मोजल्या. सहा ९०×१२० च्या आहेत. चार ८२×८२, त्यांना कडेने काळी कागदी पट्टी चिकटवलेली, एका कोपऱ्यात पांढरा गोल ठिपका, आणि त्यांत चित्र सरळच दिसतं, उलट्या छटांचं नाही. ९०×१२० पैकी दोनांवर बाईच्या आकृतीभोवती लाल रंग फासलाय. तो काढायचा का? आणि पाट्यांवर काय लिहावं, मूळ मजकूर "भिल्ल प्रकार, स्त्री" अशा धर्तीचा असेल तर?

तापीतीर:

चौकोनी चार या कंदिलाच्या स्लाइड, इंग्लिश मापाच्या. आत पॉझिटिव्ह काच, वर झाकणाची काच, मधे काळ्या कागदाची चौकट. पट्टी सोडवू नका, आत ओलाव्याचे थेंब किंवा बुरशी दिसत असेल तरच संवर्धकाकडे न्या. ठिपका खाली डाव्या कोपऱ्यात येईल अशी धरली की चित्र सुलट दिसतं. खेळ करणारा ती उलटी करून, ठिपक्यावर अंगठा ठेवून कंदिलात सरकवत असे. इंग्लिश माप असलं तरी मिशन इंग्लिश होतं असं यावरून ठरत नाही, हिंदुस्थानात तयार स्लाइडचा माल त्याच मापाचा मिळे. सहा निगेटिव्ह मात्र खंडातल्या मापाच्या, तिथे स्वीडिश बाजूने शोध घ्या.

लाल रंग अजिबात काढू नका. तो पाण्याने सुटतो आणि खालचं जिलेटिन घेऊन जातो. तो निगेटिव्हवर उजेड अडवतो, म्हणजे प्रिंटमध्ये बाईच्या मागचं सगळं कोरं पांढरं होतं. ठसा करायला पाठवण्यापूर्वी असं करत. फासलेला भाग पॅनलवर तिप्पट-चौपट एक्सपोजर देऊन वेगळा टिपा. रंग सगळीकडे सारखा जाड नसेल तर मागचं घर, कूड, उभी माणसं अंधुक दिसू शकतात. प्रदर्शनात दोन्ही प्रिंट शेजारी लावा, कोऱ्या पार्श्वभूमीची आणि पूर्ण चौकटीची.

सातपुडा वाचक:

पाटीबद्दल: मूळ मजकूर अवतरणात, जसाच्या तसा, आणि तो कुठे लिहिलाय तेही (कडेवर शाईने, पाकिटावर, डब्यावर). त्याखाली आपला मजकूर वेगळ्या ओळीत. "अज्ञात स्त्री" नको, "नाव नोंदवलेलं नाही" लिहा. तिचं नाव गावात माहीत होतं, नोंदवणाऱ्याने विचारलं नाही. किकुयू पाट्यांवरही हेच करा, दोन्ही भिंतींना एकच नियम.

उघड्या अंगाच्या मुलींची चित्रं दोन्ही संचांत असणार. ती लावण्याआधी नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागातल्या आदिवासी मंडळींना प्रिंट दाखवा. हातात मावतील एवढे, पोस्टकार्डाच्या आकाराचे प्रिंट न्या, मोबाइलवर दाखवू नका. म्हाताऱ्या बायकांना दागिन्याच्या घडणीवरून तो कुठल्या भागातला ते सांगता येतं, आणि प्रिंट हातात असला की त्या मागे लिहूनही घेऊ देतात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनेच लिहा, बॉलपेन पुढे उमटतं.